नकली शार्क फिन सूप, शाम शुई पो: वाटी पैसा वसूल, पण बंदीचं बिल कोण भरतंय?

रेटिंग आधीच देऊन टाकतो, घाईवाल्यांनी एवढंच वाचून निघालं तरी चालेल. चव पाचपैकी चार, पैसा वसूल पाचपैकी पाच, बसायच्या सोयीला शून्य कारण बसायला जागाच नाहीये, फुटपाथवर बाजूला उभं राहायचं, चमच्याने खायचं, वाटी तिथल्याच डब्यात टाकायची आणि चालू पडायचं. पदार्थाचं नाव वून जाय ची. हाँगकाँगमधे शार्क फिन सूपची, म्हणजे शार्कच्या पराच्या सूपची, ही रस्त्यावरची स्वस्त आवृत्ती आणि त्यात शार्क औषधालासुद्धा नसतो. दुकानाचं नाव सांगता येणार नाही, पाटी सगळी चिनीत आहे आणि माझं कँटोनीज "एक द्या" आणि "किती झाले" ह्यापुढे गेलेलं नाही. शाम शुई पो स्टेशनला उतरा, आपलियू स्ट्रीटवरचा जुन्या मोबाइल-चार्जरचा बाजार ओलांडून आतल्या गल्ल्यांत शिरा, जिथे मोठ्या पातेल्यात तपकिरी दाटसर काहीतरी रटरटतंय आणि ऑफिसातून सुटलेली माणसं लायनीत उभी आहेत तेच दुकान.

आत काय असतं तर मुगाच्या पारदर्शक शेवया बारीक तोडलेल्या, शिताके मशरूमचे काप, ते काळं कुरकुरीत वुड इअर मशरूम, धार धरून सोडलेलं अंडं, चिकनचे नाहीतर पोर्कचे बारीक धागे, डार्क सोया सॉस आणि सगळं धरून ठेवायला सढळ हाताने स्टार्च. नुसतं खाल्लं तर ठीकठाक, उगाच खोटं कशाला सांगू. खरी मजा काउंटरवरच्या बाटल्यांत आहे, लाल व्हिनेगर नीट ओतायचं, पांढऱ्या मिरीची पूड, तिळाच्या तेलाचे दोन थेंब, आणि आपल्यासारख्या तिखट खाणाऱ्यांनी चिली ऑइल. बरेच लोक ह्यातच लेट्यूस आणि माशाच्या गोळ्यांचं सूप मिक्स करून मागतात, मला ते साध्यापेक्षा जास्त आवडलं. शुद्ध शाकाहारी मंडळींनी मात्र दिसायला शेवया दिसतात म्हणून फसू नका, विचारल्याशिवाय तोंडाला लावू नका, रस्सा बहुतेक ठिकाणी हाडांचाच असतो. पंचवीस-तीस हाँगकाँग डॉलर, म्हणजे आपले तीनशेच्या आसपास, ह्या शहरात एवढ्यात धड सँडविच येत नाही. मायनस पॉइंट एकच, स्टार्च. गरम आहे तोवर खा, फोटो काढत बसलात तर वाटीत खळ तयार होते.

ह्या वाटीचा इतिहास असा सांगतात की पूर्वी मोठ्या रेस्टॉरंटमधून उरलेले फिनचे तुटके तुकडे फेरीवाले घेऊन यायचे, उकळून छोट्या वाटीत विकायचे, पुढे फिन परवडेना म्हणून तेही गेले आणि शेवया राहिल्या. आणि कोणाचं काही अडलं नाही! कारण फिनला स्वतःची चव नसतेच. शार्कच्या परामधे सुयांसारखे तंतू असतात, ते तासन् तास भिजवून शिजवून मऊ करतात, त्याला थोडासा चावा येतो, बस. चव सगळी रश्श्याची, म्हणजे कोंबडीची आणि जिनहुआ हॅम ह्या खारवलेल्या चिनी पोर्कची. आयुष्यभर लग्नांत खरं सूप खाल्लेले माझ्या ऑफिसातले सीनियर लोकसुद्धा हे कबूल करतात, वर सांगतात की खातात ते चवीसाठी नाही, यजमानाने किती खर्च केला ते दिसावं म्हणून. आता ह्यावर आपण हसायचं कारण नाही, आपल्याकडेही लग्नात ताटातले निम्मे पदार्थ त्याचसाठी असतात.

म्हणजे उद्या जगभर शार्क फिनवर कडक बंदी आली तर खाणाऱ्याचं नुकसान जवळपास काहीच नाही, तीनशे रुपयांत तोच चावा, तोच रस्सा. मग बंदीला खर्च येतो तो नक्की कुणाला, हा प्रश्न मला वाटी संपवल्यावर पडला आणि त्याच नादात मी दुसऱ्या दिवशी ट्राम पकडून शेउंग वानला गेलो.

तिथे देव्हू रोड वेस्टवर सुक्या समुद्री मालाची दुकानं ओळीने आहेत. सुकी मासळी कोकणातल्या माणसाला नवी नाही, त्यामुळे वासाने मी काही मागे हटलो नाही, पण माल बघून मात्र थबकलो. अबलोन, सी कुकुंबर, सुके स्कॅलप, फिश मॉ आणि मग काचेच्या बरण्यांत फिन, चुऱ्यापासून ते अख्ख्या शेपटीच्या परापर्यंत, कॅटीच्या भावाने, एक कॅटी म्हणजे साधारण सहाशे ग्रॅम. जगातल्या फिन व्यापाराचा निम्म्याच्या आसपास हिस्सा ह्या एका शहरातून जातो असं मानतात. आणि हे सगळं उघड्यावर, कारण हाँगकाँगमधे फिन विकायला सरसकट बंदी नाहीच. साइट्स नावाच्या, वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत जे शार्क आहेत त्यांच्यासाठी कागदपत्रं लागतात, बाकीचे मोकळे.

इथेच सरकारी खर्चाची मेख आहे. २०१३ ला बँकॉकच्या बैठकीत पाच व्यापारी जाती त्या यादीत आल्या, ओशनिक व्हाइटटिप, पोरबीगल आणि तीन हॅमरहेड. मग २०२२ च्या नोव्हेंबरमधे पनामाच्या बैठकीत रेक्विम शार्कचं अख्खं कुटुंबच टाकलं. कागदावर टाकायला काय जातं, पण कंटेनर उघडून समोर पडलेलं सुकं पर नक्की कुठल्या जातीचं आहे हे सांगायचं कोणी? कातडी शाबूत असेल तर आकारावरून, रंगावरून काही जाती ट्रेन केलेल्या माणसाला ओळखता येतात. कातडी सोलली, तंतू मोकळे केले की मग डीएनए टेस्टशिवाय पर्याय नाही. म्हणजे कस्टमचे लोक, त्यांचं ट्रेनिंग, लॅब, पकडलेला माल ठेवायचं गोडाऊन, केस चालवायला वकील. २०२० मधे इथे इक्वेडोरहून आलेल्या दोन कंटेनरमधे २६ टन फिन सापडले, साधारण ३८,५०० शार्कचे, किंमत ८६ लाख हाँगकाँग डॉलर, मुख्यतः थ्रेशर आणि सिल्की जातीचे. शिक्षा २०१८ पासून तगडी केलीय, दहा वर्षं जेल आणि एक कोटी हाँगकाँग डॉलरपर्यंत दंड. पण शिक्षा कितीही तगडी लिहिली तरी आधी तपासायला माणूस लागतो आणि त्याचा पगार सामान्य टॅक्समधून जातो, मीही इथे टॅक्स भरतो त्यामुळे मला बोलायचा हक्क आहे. ह्या खर्चाला माझी ना नाही. पण ज्याने फिन मागवले त्याच्याकडूनच प्रत्येक खेपेमागे टेस्टची पूर्ण फी का घेऊ नये? चैनीची वस्तू आहे, कॅटीला हजारो डॉलर मोजणारं गिऱ्हाईक आहे, त्यात लॅबचे पैसे सहज बसतील.

अमेरिकेत तर कोर्टाचाही खर्च झाला. हवाईने २०१० ला पहिला कायदा केला, कॅलिफोर्नियाने २०११ ला, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधल्या लोकांनी केस टाकली की हा कायदा फक्त आमच्याच समाजावर येतो. राज्याच्या वकिलांनी ती वर्षानुवर्षं लढवली, २०१५ ला अपील कोर्टाने कायदा उचलून धरला, २०१६ ला सुप्रीम कोर्टाने ऐकायलाच नकार दिला. राज्य जिंकलं, पण जिंकायलाही पैसे लागतात. टोरंटो शहराची तर अजून गंमत, २०११ ला बंदी घातली आणि २०१२ ला कोर्टाने सांगितलं की हा तुमच्या अखत्यारीतला विषयच नाही, सगळं मुसळ केरात. (कॅनडाने नंतर २०१९ ला देशपातळीवर आयात-निर्यात दोन्ही बंद केली ते वेगळं.) अमेरिकेची देशभराची बंदी शेवटी २०२२ च्या डिसेंबरमधे आली. त्याच्या आधी, २०१७ ला, शिफमन आणि ह्यूटर ह्या दोन शार्क अभ्यासकांनी उलट बाजू मांडली होती. नियमात राहून, कोट्यात राहून शार्क पकडणाऱ्या अमेरिकन मच्छीमाराने मांस विकायचं आणि पर मात्र कचऱ्यात टाकायचं, ह्याने वाचला कोण? शार्क तर मेलेलाच आहे. त्यांचं सगळं मला पटत नाही पण हा मुद्दा डोक्यातून जात नाही, कारण आपल्याकडे नेमकं हेच झालंय.

आपल्याकडची गोष्ट २००१ पासून सुरू होते. आधी मे महिन्यात व्हेल शार्कला संरक्षण मिळालं, तो गुजरातेत वेरावळला मारला जायचा आणि मांस तैवानला जायचं. मग जुलैमधे सरकारने एका फटक्यात सगळे शार्क, पाख म्हणजे चपटे रे मासे, सगळं वन्यजीव कायद्यात टाकलं. किनाऱ्यावर बोंब उठली, उठणारच, आणि डिसेंबरमधे यादी दहा जातींवर आणली. कुठलीही बंदी कोणाच्या पोटावर येते हे न बघता केली की ती पाच महिन्यांत कशी मागे घ्यावी लागते त्याचं हे उदाहरण. मग २०१३ ला नियम आला की शार्क किनाऱ्यावर आणायचा तर पर अंगाला जोडलेलेच पाहिजेत. आणि २०१५ च्या फेब्रुवारीत विदेश व्यापार महासंचालनालयाने फिनची निर्यातच बंद केली, सगळ्या जातींची.

आता बघा, पर कापून जिवंत धड समुद्रात फेकायचं, ते व्हिडिओत दाखवतात तसलं काम आपल्याकडे फारसं होतच नव्हतं, कारण आपण मोरी, म्हणजे शार्कच, अख्खी खातो. मालवणात मोरीचं मटण, गोव्यात मोरीचं आंबोट तीक, ह्यात टाकायला काय उरतं? बहुतेक मोरी तर दुसऱ्या मासळीच्या जाळ्यात आपसूक येते. पराचे पैसे हे वरचे पैसे होते, डिझेलला हातभार. केरळ-तामिळनाडूच्या सीमेवरचं थुथूर गाव वेगळं, ते लोक खोल समुद्रात लांब दोरीला गळ लावून खास शार्कच धरणारे, त्यांना जास्त लागलं. २०१५ नंतर मोरी बाजारात विकणं कायदेशीर आणि तिचाच पर बाहेर पाठवणं बेकायदेशीर. बदल्यात मच्छीमाराला काय मिळालं? माझ्या माहितीत तरी ह्या बंदीपोटी थेट काही नाही.

आणि निर्यात थांबली का? २०१८ च्या सप्टेंबरमधे डीआरआयने, म्हणजे महसूल गुप्तचर संचालनालयाने, मुंबईत शिवडीला आणि गुजरातेत वेरावळला मिळून ८,००० किलो फिन पकडले, चार जण अटकेत, माल सुक्या समुद्री मालाच्या नावाखाली चीन आणि हाँगकाँगला निघाला होता. म्हणजे मी देव्हू रोडवर ज्या बरण्या बघत उभा होतो तसल्याच बरण्यांत. हे वाचल्यावर त्या दुकानांसमोर मला जरा वेगळंच वाटलं. कायदेशीर धंदा बंद झाल्यावर लिलावात पराला भाव देणारा उघड व्यापारी गेला, उरला तो चोरटा, तो मच्छीमाराला कमी देतो आणि स्वतः जास्त कमावतो, वर त्याला पकडायचा खर्च परत सरकारचा. बंदी उठवा असं मी म्हणत नाहीये, नीट वाचा. हॅमरहेड आणि ओशनिक व्हाइटटिपची अवस्था इतकी वाईट आहे की वेळ घालवायला जागा नाही, शार्क उशिरा वयात येतो, पिल्लं मोजकी, गेलेला साठा भरून यायला पिढ्या जातात. बंदी हवीच. फक्त ती फुकट पडते असं दाखवू नका.

ह्यात एक चांगलं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे आणि त्याचं जास्त कौतुक व्हायला हवं. वनविभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभागाने २०१८ च्या डिसेंबरपासून योजना आणली, जाळ्यात कासव, व्हेल शार्क असा संरक्षित जीव अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडला तर जाळ्याची भरपाई, जास्तीत जास्त २५,००० रुपये, फोटो-व्हिडिओ पाठवायचा. गुजरातने व्हेल शार्कसाठी हे आधीच केलं होतं, २००४ च्या मोहिमेत रामकथाकार मोरारी बापूंनी व्हेल शार्कला माहेरी बाळंतपणाला आलेली लेक म्हटलं आणि मारणारे लोकच सोडायला लागले. ह्या योजनेला माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. पैसे योग्य माणसाच्या हातात जातात आणि सुटका समुद्रातच होते, माल मेल्यावर कंटेनर उघडण्यापेक्षा हे हजारपट बरं. दीड मार्क कापला तो रकमेला, मोठं जाळं आज लाखांत जातं, आणि जाळं कापलं की त्यात आलेली बाकीची मासळीही गेली, दिवसाचं डिझेल गेलं, त्याचं काय. २०२२ च्या कायद्यातल्या दुरुस्तीने संरक्षित यादीत शार्क-पाखाच्या अजून बऱ्याच जाती आल्यात, म्हणजे सोडायचे जीव वाढले. मग रकमेची मर्यादाही वाढायला हवी, साधा हिशोब आहे.

सगळ्यात स्वस्त उपाय मात्र ज्याला जवळपास काहीच खर्च आला नाही तोच निघाला. चीन सरकारने २०१२ मधे जाहीर केलं की सरकारी मेजवानीत फिन वाढणार नाही, हाँगकाँग सरकारने २०१३ मधे तेच केलं. त्याच काळात बास्केटबॉलवाला याओ मिंग जाहिरातींतून सांगत होता की खाऊ नका, हाँगकाँग डिस्नेलँडने तर २००५ लाच लग्नाच्या मेनूतून काढलं होतं, आणि कॅथे पॅसिफिकने २०१६ पासून विमानातून न्यायलाच नकार दिला. इथली आयात २००७ मधे दहा हजार टनांच्या वर होती ती २०१७ पर्यंत पाच हजारांच्या आसपास आली. ह्यात कायद्याचा वाटा किती आणि ह्या सगळ्याचा किती हे सुटं करता येणार नाही, पण साहेबाच्या टेबलावरून एखादा पदार्थ उतरला की प्रतिष्ठेपायी खाणारे आपोआप गळतात, हे आपल्याला कोणी वेगळं समजवायला नको.

आता एक शंका मात्र आहे. फिन गेल्यावर लग्नाच्या मेनूत त्या जागी बऱ्याचदा फिश मॉ दिसतं, म्हणजे माशाच्या पोटातली हवेची सुकवलेली पिशवी. त्यात एक मोठं नाव आपल्या घोळ माशाचं. २०२१ च्या ऑगस्टमधे पालघरच्या एका बोटीला दीडशेच्या वर घोळ सापडली आणि ती एक कोटी तेहतीस लाखांना गेली, पेपरात सगळ्यांनी वाचलं असेल, ते पैसे मांसाचे नव्हते, त्या पिशव्यांचे होते. शार्कवरची नजर हटून घोळीवर बसली तर दहा वर्षांनी अजून एक यादी, अजून एक लॅब, अजून एक भरपाई. लग्नाचं सूप ठरवणाऱ्या मुलामुलींच्या हातात हे सगळ्यात जास्त आहे.

इथल्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचं लग्न ठरलंय, तो मेनू ठरवायला गेला तेव्हा मीही बरोबर गेलो होतो. हॉलवाल्याने पर्याय दिले, फिश मॉ, खेकडा-कॉर्न, नाहीतर शेवयांचं नकली फिन चांगल्या हॅमच्या रश्श्यात. मी शेवटचं घे म्हणालो, त्यानेही तेच घेतलं. मग त्याने विचारलं की खरं फिन नाही तर टेबलाचा रेट किती कमी होईल, तर मॅनेजर म्हणाला कमी कशाला होईल, वाटी तीच आहे.